उरलेलं कापड

मेरिमने कारखान्यातून कापड चोरलं नाही,
उरलेलं उचललं:
शाळेच्या गणवेशांच्या चिंध्या, जांभळं अस्तर,
ऑर्डरमधून परत आलेला एक तिरका परकर.
रात्री साडेअकराला मशीन सुरू झालं
तेव्हा मी म्हटलं, टाका बारीक घे,
वाऱ्यात मोठा टाका उसवतो.
ती म्हणाली, तू येतेयस का ते सांग आधी.

मी हो म्हटलं नाही.
बॉबिन भरून दिली.

सकाळी बिश्केकमध्ये बर्फ वितळून
रस्त्याकडेच्या पाटांतून पळत होतं.
व्हॅनच्या ड्रायव्हरने प्रत्येकीला एकेक ट्यूलिप दिलं,
सणाच्या शुभेच्छा, सुंदरींनो,
आणि भाडं मात्र दोनदा मोजून घेतलं.
झिपारआजी इतकी हसली की चष्म्यावर वाफ धरली.
बासष्टची ती. पूर्वी मे दिनाला चालायची,
कारण चाललं नाही तर खाडा लागायचा.
आज हजेरी घ्यायला कुणी नाही, म्हणाली,
आणि बघ, मी वेळेच्या आधी.

चौकात आम्ही फार नव्हतो.
फलकावर मेरिमने शिवलं होतं:
मुलगी म्हणजे मेंढी नाही.
फुटपाथवर उंच टोप्या घातलेले पुरुष.
एक ओरडला, घरी जा, चहा गार होतोय!
झिपारआजी थांबली. म्हणाली,
मग तू पी की. पाणी उकळायला
मिशी लागत नाही.

माझ्या कोटाच्या खिशात पांढरा रुमाल होता.
कुणाला सांगितलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वीचा. मी एकोणीस,
कॉलेजच्या फाटकाशी एक गाडी,
पेट्रोलचा वास, माझी एकच चप्पल.
मग एक अनोळखी खोली, आणि बायका, बायकाच,
आळीपाळीने माझ्या डोक्यावर हा रुमाल घालत होत्या.
मी काढायचे, त्या घालायच्या.
शेवटी त्या घरची म्हातारी उठली
आणि उंबऱ्यावर आडवी झोपली.
म्हाताऱ्या बाईला ओलांडून गेलीस
तर जन्मभर शाप, म्हणाल्या.
आम्हीही अशाच राहिलो, म्हणाल्या,
तेव्हा एकीचा आवाज फुटला.

मी ओलांडलं नाही.
पाच वर्षं नाही ओलांडलं.

फलक ओढून घ्यायला पोलीस आले
तेव्हा सगळ्या मागे सरल्या, कुंदूझ रडायला लागली,
आणि झिपारआजीचा पाय निसरड्यावर सटकला.
धाडकन आडवी. रस्त्याच्या मधोमध.
पलीकडे पोरगेले पोलीस, ओठावर कोवळी लव,
अलीकडे आम्ही, आमचा फलक,
आणि मध्ये एक म्हातारी बाई.

ते थबकले.
एकाने बूट उचलला आणि परत खाली ठेवला.
दुसऱ्याने वळून साहेबाकडे पाहिलं.
साहेबाने आभाळाकडे.

झिपारआजीच्या ते लक्षात आलं.
उठता येत असून ती उठली नाही.
हात डोक्याखाली घेतला,
उन्हात पडावं तशी ऐसपैस पसरली,
आणि मला डोळा मारला.

मी तिच्या पायाशी बसले. घोटा टरारून सुजला होता.
खिशातून रुमाल काढला, पट्टी केली, घट्ट गुंडाळली.
चांगलं सुती कापड.
आजवर कुणाच्या उपयोगी पडलं नव्हतं.

परतताना तिचा पाय माझ्या मांडीवर.
धुऊन परत देते गं, म्हणाली.
सूज उतरेपर्यंत राहू दे, मी म्हटलं,
नंतर फरशी पुसायला घे.
तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ,
आणि काही विचारलं नाही.

मेरिम फलक उलगडून बसली होती.
सगळी अक्षरं जागच्या जागी,
शेवटचा 'नाही' तेवढा उसवून लोंबत होता.
सांगितलं होतं मी, बारीक घे.
असाच कुणी वाचला असता तर?

कॉलरमागे खोचलेली सुई काढली.
व्हॅन खड्ड्यांतून उडत होती,
दोनदा बोटात टोचली.
दिवे लागायच्या आत
'ना' झाला. 'ही' राहिला होता.